फ्रीबीएसडी जेलमध्ये कोणती डिव्हाइस दिसावीत आणि कोणती नाही: डेव्हएफएस रूलसेट नीट कसे लिहायचे

जेल म्हणजे फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टममध्येच वेगळी, बंदिस्त चालणारी छोटी सिस्टम, आणि ती ज्या मूळ सिस्टमवर चालते तो होस्ट. जेल बनवलं, पॅकेजेस टाकली, सर्व्हिस सुरू केली आणि मग कळतं की आतल्या प्रोग्रामला जे डिव्हाइस पाहिजे ते /डेव्ह मध्ये दिसतच नाहीये. डीएचसीपीने आयपी घेणारा डीएचक्लायंट बीपीएफ (नेटवर्कची पॅकेट थेट वाचायचं डिव्हाइस) उघडता येत नाही म्हणून ओरडतो, व्हीपीएनला टन (आभासी नेटवर्क इंटरफेस) पाहिजे असतं, झिगबी डोंगलवाल्याला सिरीयल पोर्ट पाहिजे असतो. मग माणूस नेटवर शोधतो, चार ओळींचा रूलसेट (काय दाखवायचं, काय लपवायचं याचे नियम) सापडतो, तो चिकटवतो, चालायला लागतं आणि विषय संपतो. खरं तर तिथेच बघायला पाहिजे, कारण त्या चार ओळींतली एक ओळ चुकीची असली तर हवं ते डिव्हाइस दिसतं आणि त्याच्यासोबत होस्टच्या सगळ्या डिस्कपण दिसायला लागतात, आणि एकही एरर येत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

कमांड आणि फाइलची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाइप करायची.

थोडं आधीचं सांगतो. जेल फ्रीबीएसडी ४.० मध्ये आलं, मार्च २००० मध्ये, पॉल-हेनिंग कँप यांचं काम. तेव्हा /डेव्ह म्हणजे डिस्कवरचं साधं डिरेक्टरी होतं आणि जेलच्या /डेव्ह मध्ये जाऊन मेकडेव्ह नावाची स्क्रिप्ट जेल हा शब्द देऊन चालवायची, ती मोजके नोड (डिव्हाइसच्या फाइली) बनवून द्यायची. ५.० पासून, म्हणजे २००३ पासून, डेव्हएफएस आलं, म्हणजे /डेव्ह साठीची खास फाइलसिस्टम. आता /डेव्ह मधलं काहीच डिस्कवर नसतं, कर्नल स्वतः ते दाखवतं, आणि महत्त्वाचं म्हणजे डेव्हएफएस जितक्या ठिकाणी माउंट कराल तितकी त्याची वेगवेगळी चित्रं असतात. होस्टच्या /डेव्ह मध्ये एक, या जेलमध्ये दुसरं, त्या जेलमध्ये तिसरं. एखादा नोड एका माउंटमध्ये लपवला, त्याचा ग्रुप बदलला, मोड बदलला, तरी दुसऱ्या माउंटला त्याचा पत्ता नसतो. हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

सहाव्या व्हर्जनपासून आणखी एक झालं, साध्या फाइलसिस्टमवर एमकेनॉड या कमांडने डिव्हाइस नोड बनवला तरी त्यातून डिव्हाइस उघडत नाही. आणि जेलमधल्या रूटला एमकेनॉडने डिव्हाइस नोड बनवायची परवानगीच नसते, त्यामुळे लपवलेला नोड तो आतून परत आणू शकत नाही. रूलसेट आतून बघतापण येत नाहीत, बदलणं तर दूरच. म्हणजे कुलूप बाहेरूनच लागतं आणि ते नीट लावणं ही पूर्णपणे होस्टवाल्याची जबाबदारी.

आता सिस्टमसोबत काय येतं ते बघू. /ईटीसी/डिफॉल्ट्स/डेव्हएफएस.रूल्स ही फाइल उघडा, पण फक्त वाचायला, तिच्यात हात घालायचा नाही कारण अपग्रेडला ती बदलू शकते, आपलं सगळं /ईटीसी/डेव्हएफएस.रूल्स मध्ये लिहायचं. डिफॉल्ट फाइलमध्ये पाच रूलसेट आहेत. १ नंबर सगळं लपवतो, त्यात एकच ओळ आहे. २ नंबर नल, झिरो, रँडम, यूरँडम, क्रिप्टो एवढं दाखवतो. ३ नंबर लॉगिनला लागणारं दाखवतो, म्हणजे पीटीएस, एफडी, एसटीडीइन, एसटीडीआउट वगैरे. ४ नंबर म्हणजे आपला नेहमीचा जेलवाला, तो १, २, ३ यांना इन्क्लूड करतो आणि वर फ्यूज आणि झेडएफएस (दोन्ही फाइलसिस्टमचे नोड) दाखवतो. ५ नंबर व्हीनेट जेलसाठी, म्हणजे स्वतःचा नेटवर्क स्टॅक असलेल्या जेलसाठी, त्यात पीएफ (फायरवॉल) जास्तीचं. आणि ० नंबर राखीव आहे, त्यात काहीच रूल नसतात आणि घालताही येत नाहीत, ० म्हणजे सगळं उघडं.

रूल वाचायची पद्धत अशी. प्रत्येक नोड रूलसेटमधून वरून खाली जातो, जो रूल जुळेल तो लागू होतो आणि नोड पुढे जातो, पहिला जुळला म्हणून थांबत नाही. त्यामुळे नंतरचा रूल आधीच्याला उलटवतो. म्हणूनच आधी सगळं लपवायचं आणि मग हवं ते एकेक उघडायचं. हा क्रम उलटा केला तर शेवटची हाइड (लपवा म्हणणारी) ओळ सगळंच गिळते आणि आत नल सुद्धा दिसत नाही, अर्धे प्रोग्राम विचित्र एरर देऊन मरतात. रूल घालताना नंबर दिला नाही तर कर्नल १००, २००, ३०० असे देत जातं, म्हणजे नंतर मधे काही घुसवायचं असेल तर १५० ला जागा असते.

आता खरं काम. समजा व्हीनेट जेल आहे आणि आत डीएचसीपीने आयपी घ्यायचाय, म्हणजे बीपीएफ पाहिजे. /ईटीसी/डेव्हएफएस.रूल्स मध्ये असं लिहायचं:

[जेल_नेट=१०]
ॲड इन्क्लूड $डेव्हएफएसरूल्स_हाइड_ऑल
ॲड इन्क्लूड $डेव्हएफएसरूल्स_अनहाइड_बेसिक
ॲड इन्क्लूड $डेव्हएफएसरूल्स_अनहाइड_लॉगिन
ॲड पाथ 'बीपीएफ*' अनहाइड

आता तुम्ही म्हणाल तीन तीन इन्क्लूड कशाला, ४ नंबरमध्ये हे सगळं आहेच की, ॲड इन्क्लूड $डेव्हएफएसरूल्स_जेल एवढी एकच ओळ टाकली की झालं. नाही झालं! हाच तो सगळ्यात वाईट खड्डा. इन्क्लूड फक्त एक पातळी खोल जातं. तुम्ही १० मध्ये ४ ला बोलावलं तर ४ मधले स्वतःचे रूल लागतात, पण ४ मध्ये जे इन्क्लूड आहेत त्यांच्याकडे कर्नल बघतसुद्धा नाही. आणि ४ मधली लपवणारी ओळ इन्क्लूडमधूनच येते ना. मग उरतं काय, तर फ्यूज दाखव, झेडएफएस दाखव, आणि तुमचं बीपीएफ दाखव. लपव म्हणणारं कुणीच नाही. जेल सुरू होतं, डीएचसीपी मस्त चालतो, आणि आतून एडीए०, डीए० या होस्टच्या डिस्क, मेम, केमेम ही मेमरी, सगळं दिसत असतं.

हे कुठे लपवून ठेवलेलं नाहीये, डेव्हएफएसच्या मॅन पेजवर सरळ एका वाक्यात लिहिलंय, पण कोण वाचतं. डिफॉल्ट फाइलमधला ५ नंबर बघा, त्यात ४ ला इन्क्लूड करायच्या आधी १, २, ३ यांना परत वेगळं इन्क्लूड केलंय, बघताना वाटतं उगाच डबल लिहिलंय, पण कारण हेच. बॅस्टिल हे जेल सांभाळायचं टूल वापरणारे त्यांच्या डॉक्युमेंटेशनमधला १३ नंबरचा रूलसेट बघतील तर तोही असाच लिहिलेला दिसेल. फ्यूज आणि झेडएफएस पण पाहिजे असेल तर तुम्हीही तसंच करा, आधी तीन इन्क्लूड आणि मग चौथा.

इन्क्लूडच्या या खोलीसाठी एक सिसकटल (कर्नलची सेटिंग) आहे, व्हीएफएस.डेव्हएफएस.रूल_डेप्थ, डिफॉल्ट १, वाढवता येतो. मी म्हणेन वाढवू नका. जेलची सुरक्षा एका दुसऱ्या फाइलमधल्या एका आकड्यावर टांगलेली ठेवणं बरोबर नाही, उद्या तोच रूलसेट दुसऱ्या मशीनवर नेला आणि सिसकटल न्यायचा राहिला तर परत सगळं उघडं. तीन ओळी जास्त लिहायला काय जातं.

जेल.कॉन्फ मध्ये दोन गोष्टी लागतात, माउंट.डेव्हएफएस; ही ओळ आणि डेव्हएफएस_रूलसेट = १०; ही ओळ. माउंट.डेव्हएफएस लिहिलं आणि नंबर दिलाच नाही तर आपोआप ४ लागतो, म्हणजे विसरलात तरी सुरक्षित आहात. पण हे फक्त माउंट.डेव्हएफएसच्या बाबतीत. कुणी जेलच्या एफएसटॅबमधून (काय कुठे माउंट करायचं याची फाइल) किंवा हाताने माउंट -टी डेव्हएफएस डेव्हएफएस /जेल्स/वेब/डेव्ह असं केलं तर कुठलाही रूलसेट लागत नाही, पूर्ण /डेव्ह उघडं. हाताने करायचंच असेल तर -ओ रूलसेट=४ हा ऑप्शन द्या. साध्या सीएचरूटमध्ये (जेलशिवाय, नुसती रूट डिरेक्टरी बदलून) बिल्ड वगैरे करणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं, तिथे जेलसारखं मागून सांभाळणारं कुणी नसतं.

फाइल लिहून झाली की ती कर्नलमध्ये भरावी लागते. सर्व्हिस डेव्हएफएस रीस्टार्ट. मग डेव्हएफएस रूल शोसेट्स केलं की नंबरांची यादी येते, त्यात १० दिसला पाहिजे. मग डेव्हएफएस रूल -एस १० शो, यात एकेक रूल दिसेल, १०० इन्क्लूड १, २०० इन्क्लूड २ असं, नावं जाऊन नंबर आलेले असतात कारण कर्नलला नावं माहीतच नसतात, नावं फक्त फाइल वाचणाऱ्या स्क्रिप्टपुरती. इथे तुम्हाला इन्क्लूड १ दिसला नाही तर जेल सुरू करू नका. जेल सुरू करण्याआधी हे बघायचं, नंतर नाही, कारण रूलसेट रिकामा असेल तर त्यात हाइडपण नसतं आणि रिकामा रूलसेट म्हणजे सगळं दिसणं.

जेल सुरू झालं की आतून बघा. जेएक्झेक वेब एलएस /डेव्ह. किंवा होस्टवरूनच एलएस /जेल्स/वेब/डेव्ह, दोन्हीत तेच दिसेल कारण लपवणं माउंटवर आहे, बघणाऱ्यावर नाही. नीट लागलेल्या जेलमध्ये ही यादी इतकी छोटी असते की एका नजरेत वाचून होते: नल, झिरो, रँडम, यूरँडम, एफडी, पीटीएस, एसटीडी वाले तीन आणि तुम्ही उघडलेलं. यादी स्क्रीनभर आली की समजायचं काहीतरी चुकलंय. जेएलएस -जे वेब डेव्हएफएस_रूलसेट केलं तर लागलेला नंबर कळतो, पण नंबर बरोबर असणं आणि रूलसेटमध्ये बरोबर असणं वेगळं, त्यामुळे एलएसच खरं.

चालू जेलमध्ये बदल करायचा असेल तर लोकांची इथे गफलत होते. फाइल बदलली, सर्व्हिस रीस्टार्ट केली, आणि आत काहीच बदललं नाही. बरोबरच आहे, रूलसेट बदलला तरी आधीपासून असलेल्या नोडवर तो आपणहून परत फिरत नाही. तो फिरवायला डेव्हएफएस -एम /जेल्स/वेब/डेव्ह रूल -एस १० अप्लायसेट असं करायचं. -एम विसरलात तर कमांड होस्टच्या /डेव्ह वर चालेल आणि होस्टवरच डिस्कचे नोड लपतील, तेव्हा एंटर दाबायच्या आधी पाथ परत वाचा. यासारखीच दिसणारी दुसरी कमांड म्हणजे डेव्हएफएस -एम पाथ रूलसेट १०, ती त्या माउंटला यापुढे १० वापर असं सांगते, म्हणजे नंतर येणाऱ्या नव्या डिव्हाइसला तो लागेल, पण आत्ता असलेले नोड जसेच्या तसे. एक आत्ताचं बघते, दुसरी पुढचं. जेल थोडा वेळ बंद ठेवणं परवडत असेल तर सरळ रीस्टार्ट करा, माउंट नव्याने होतं आणि शंकेला जागा राहत नाही.

कमांड लाइनवर चांदणी असलेला पाथ अवतरणचिन्हात टाका. नाहीतर तुम्ही /डेव्ह मध्ये उभे असाल तर शेलच बीपीएफ* चं बीपीएफ आणि बीपीएफ० करून टाकेल आणि डेव्हएफएसला भलतंच काहीतरी मिळेल.

सब-डिरेक्टरीतल्या डिव्हाइसची गंमत वेगळी आहे. जेलमध्ये जेलीफिन हा मीडिया सर्व्हर चालवून ग्राफिक्स कार्डने व्हिडिओ ट्रान्सकोड करायचाय, तर नुसतं 'डीआरआय/*' अनहाइड करून भागत नाही, डीआरआय ही डिरेक्टरीच लपलेली असेल तर तिच्यातलं कसं दिसणार. म्हणून ॲड पाथ डीआरआय अनहाइड आणि ॲड पाथ 'डीआरआय/*' अनहाइड अशा दोन ओळी. शिवाय डीआरआयमधले नोड म्हणजे डीआरएम डिरेक्टरीतल्या खऱ्या नोडच्या लिंक असतात, तेव्हा डीआरएम आणि 'डीआरएम/*' हेही उघडावं लागतं. डिफॉल्ट फाइलमध्ये पीटीएसच्या दोन ओळी का आहेत ते इथे कळतं. यूएसबीचं पण तसंच, यूजेन०.२ वगैरे लिंक आहेत, खरे नोड यूएसबी डिरेक्टरीत असतात, आणि लिबयूएसबी वापरणाऱ्या प्रोग्रामला यूएसबीसीटीएलपण लागतो. पण 'यूएसबी/*' उघडणं म्हणजे मशीनला लावलेलं प्रत्येक यूएसबी डिव्हाइस देणं, कीबोर्डपासून पेनड्राइव्हपर्यंत, हे माझ्या मते फार जास्त आहे. डोंगल सिरीयल पोर्ट म्हणून चालत असेल तर फक्त तो पोर्ट द्या.

तो असा: ॲड पाथ 'सीयूएयू०*' अनहाइड मोड ०६६० ग्रुप डायलर. यातला दुसरा यू इंग्रजीत कॅपिटल असतो, स्मॉल टाकला की रूल जुळतच नाही आणि एररही येत नाही. चांदणी अशासाठी की त्याच्यासोबत .इनिट आणि .लॉक असे दोन नोड असतात. डोंगल काढून परत लावलं तरी नवा नोड त्याच रूलसेटमधून जातो, त्यामुळे जेलमध्ये तो आपोआप परत येतो. दोन डोंगल असतील तर मात्र ० कोणता आणि १ कोणता हे लावायच्या क्रमावर बदलू शकतं, ते बघून घ्या.

ग्रुपचं एक नाजूक आहे. रूलमधलं डायलर हे नाव होस्टवर वाचलं जातं आणि कर्नलला जातो तो फक्त आकडा, डायलरचा ६८. जेलच्या आत ज्या युजरखाली प्रोग्राम चालतो तो ६८ नंबरच्या ग्रुपमध्ये असला पाहिजे. बेस सिस्टममधला डायलर आत असेल तर युजरला त्यात टाकलं की झालं, पण तुम्ही होस्टवर स्वतःचा नवा ग्रुप बनवून त्याचं नाव रूलमध्ये दिलं असेल तर आत त्याच नंबरचा ग्रुप बनवा, नाव सारखं असून उपयोग नाही. डिव्हाइस दिसतंय पण परमिशन डिनाइड येतंय अशा वेळी नव्वद टक्के कारण हेच, असं म्हणायला हरकत नाही. आणि कृपया मोड ०६६६ करून प्रश्न मिटवू नका.

आता काय कधीच दाखवायचं नाही ते. डिस्क. एडीए, डीए, एनडीए, त्यांची पार्टिशन्स, जीपीटी आणि लेबलवाल्या डिरेक्टऱ्या, काही नाही. जेलमधल्या रूटला डिस्कचा नोड मिळाला तर तो फाइलसिस्टमच्या खाली जाऊन होस्टच्या फाइली बदलू शकतो, मग जेल असून नसल्यासारखं. मेम आणि केमेमही तसंच. मी स्वतःच्या प्रत्येक रूलसेटच्या शेवटी ॲड टाइप डिस्क हाइड ही ओळ टाकतो. टाइपमध्ये डिस्क, मेम, टेप, टीटीवाय असे प्रकार चालतात, नाव काहीही असो, जे डिस्क आहे ते लपतं. वर कुणी घाईत 'डी*' सारखा ढिला पॅटर्न लिहिला तरी शेवटची ओळ सावरते, क्रम वरून खाली असल्यामुळे. मनापासून सांगतो, ही एक ओळ टाकाच.

बीपीएफबद्दल पण विचार करून. व्हीनेट जेलला स्वतःचा नेटवर्क स्टॅक असतो, तिथे बीपीएफला त्या जेलचेच इंटरफेस मिळतात. १२.० पासून, म्हणजे डिसेंबर २०१८ पासून, व्हीनेट जेनेरिक कर्नलमध्येच आहे, तेव्हा वेगळं कर्नल बांधायचं कारणही नाही. पण होस्टचा आयपी वापरणाऱ्या साध्या जेलला बीपीएफ दिलं तर तो होस्टच्या इंटरफेसवरचं सगळं ट्रॅफिक ऐकू शकतो. तिथे द्यायचं नाही.

उलट बाजूने, नोड दिसला म्हणजे काम करता येईलच असंही नाही. झेडएफएस नोड ४ मध्ये दिसतो पण डेटासेट जेलला दिल्याशिवाय आणि अलाउ.माउंट.झेडएफएस चालू केल्याशिवाय आत माउंट होत नाही, फ्यूजलाही अलाउ.माउंट.फ्यूजएफएस लागतं. जेलच्या आत जेल बनवत असाल तर आतल्याला बाहेरच्या जेलचंच बंधन लागतं.

होस्टच्या स्वतःच्या /डेव्ह साठी थोडक्यात: बूटच्या वेळी असणाऱ्या डिव्हाइसची मालकी, परमिशन, लिंक यासाठी डेव्हएफएस.कॉन्फ, आणि नंतर लावलेल्या, काढलेल्या डिव्हाइससाठी डेव्हएफएस.रूल्स मध्ये रूलसेट लिहून आरसी.कॉन्फ मध्ये डेव्हएफएस_सिस्टम_रूलसेट ला त्याचं नाव द्यायचं. होस्टच्या रूलसेटमध्ये हाइड ऑल इन्क्लूड करायचं नाही हे सांगायला नको.

आधीपासून चालू असलेली जेलं असतील तर आज एकदा प्रत्येकाच्या /डेव्ह वर एलएस मारून बघा, आणि कुठे डिस्क दिसली तर रूलसेटमध्ये सगळ्यात आधी इन्क्लूड ४ एकटंच उभं आहे का ते शोधा, वर तीन ओळी वाढवा, सर्व्हिस डेव्हएफएस रीस्टार्ट, जेल रीस्टार्ट, परत एलएस.